सोसावे किती, सोडावे केव्हा?

कुळगावच्या वसाहतींतून पहाटेच्या अंधारात निघालेली माणसे बदलापूरच्या फलाटावर गोळा होतात, तेव्हा त्यांच्या बोलण्याचे विषय बहुधा ठरलेले असतात. गाडी किती मिनिटे मागे आहे, नळाला पाणी केव्हा आले, मुलाच्या परीक्षेचे काय झाले आणि कचेरीतला साहेब काल काय म्हणाला. यांपैकी पहिले तीन विषय मोकळ्या आवाजात बोलले जातात. चौथा निघाला की आवाज आपोआप खाली येतो आणि बोलणारा आजूबाजूला एकदा पाहून घेतो. चारचौघांत पाणउतारा करणारा वरिष्ठ, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय लाटणारा सहकारी, मंजूर झालेली रजा आयत्या वेळी रद्द करणारे कार्यालय, रात्री अकराला मोबाइलवर सूचना धाडून सकाळी सातला जाब विचारणारा व्यवस्थापक, यांची ती कहाणी असते. तिचा शेवटही ठराविक असतो. ऐकणारा म्हणतो, "सोडून द्या ना ही नोकरी!" सांगणारा कसनुसे हसतो आणि म्हणतो, "सोडून जायचे कोठे?" तेवढ्यात गाडी येते आणि तो प्रश्न फलाटावरच राहतो.

हा प्रश्न निराशेने विचारला जातो, म्हणून त्याला काही उत्तर असू शकेल असे कोणाला वाटत नाही. वास्तविक तो माणसाच्या आयुष्यातील फार मोठ्या आर्थिक निर्णयांपैकी एक आहे. घर घेताना जो गृहस्थ महिनोन्‌महिने हिशेब मांडतो, तोच नोकरी सोडण्याचा अथवा न सोडण्याचा निर्णय एक तर संतापाच्या भरात घेतो किंवा कधी घेतच नाही. या दोन टोकांच्या मध्ये विचाराला पुष्कळ जागा आहे.

घर आणि नांगर

कुळगाव-बदलापूरसारख्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, याला कारणे आहेत. २००१ च्या जनगणनेत या नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे ज्यांना घर परवडले नाही, ती कुटुंबे रुळांच्या कडेकडेने पुढे सरकत येथवर आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटर दूर आहे. जाण्यायेण्यात रोज किमान तीन तास जातात असे धरले, तरी महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत पंचाहत्तर तास केवळ प्रवासात खर्ची पडतात. या पंचाहत्तर तासांचे वेतन कोणी देत नाही. त्यात घराच्या कर्जाचा हप्ता असतो. तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून वळता होतो; त्या महिन्यात साहेबाने किती वेळा अपमान केला याची चौकशी बँक करीत नाही. घर हे कुटुंबाचा आधार असते हे खरेच. परंतु कर्जाचे घर हा नांगरही असतो, आणि नांगर टाकलेल्या जहाजाला वादळातून हलता येत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत किंवा उल्हासनगरच्या शिलाईच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा प्रवास वाचतो. परंतु तेथे कंत्राटी नेमणुका पुष्कळ, आणि फाटकाबाहेर त्याच जागेसाठी उभे राहणारे दुसरे हातही पुष्कळ. खासगी शाळांतील आणि शिकवणी-वर्गांतील शिक्षकांची स्थिती याहून निराळी नाही. महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत उमेदवाराला तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन दीर्घकाळ ६ हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. कायम होण्याची वाट पाहणारा शिक्षक मुख्याध्यापकाच्या किंवा संस्थाचालकाच्या शब्दाला उत्तर देत नाही, यात त्याच्या स्वभावाचा भाग थोडा आणि त्या तीन वर्षांचा भाग मोठा असतो.

कष्ट आणि जाच

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कष्टाचे काम आणि जाचाचे काम ही एक नव्हेत. मार्चअखेरीस हिशेबनीस रात्री उशिरापर्यंत बसतो, परीक्षेच्या दिवसांत शिक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणतो, त्या वेळी शरीर थकते. परंतु काम संपले की थकवाही उतरतो. जाचाचे लक्षण असे की, तो काम संपल्यावरही संपत नाही. रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येणे, घरी आल्यावर मुलांवर विनाकारण ओरडणे, चांगले केलेल्या कामातही आनंद न वाटणे, ही त्याची खूण होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात नोकरीतील सततच्या ताणामुळे येणाऱ्या या अवस्थेची नोंद केली आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा अथवा कडवटपणा येणे आणि कार्यक्षमता घटणे. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही. व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले आहे. याचा अर्थ असा की, दोष शोधताना केवळ माणसाची नाडी पाहून भागणार नाही, त्याच्या कचेरीचीही पाहावी लागेल.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यातील एका बहुराष्ट्रीय हिशेब-सल्लागार कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेल्या, सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या असह्य भाराने आपली मुलगी गेली, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले आणि सप्टेंबरात ते देशभर वाचले गेले. कंपनीने कामाच्या भाराचा आणि मृत्यूचा संबंध नाकारला. त्या मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरविणे हे वृत्तपत्रांचे काम नव्हे. तथापि त्या पत्रानंतर हजारो तरुणांना आपलीच कथा कोणीतरी सांगितल्यासारखे वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कामाचे तास संपल्यावर दूरध्वनी न उचलण्याचा हक्क नोकरदाराला असावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. खासगी विधेयके क्वचितच कायदा होतात. पण प्रश्न चव्हाट्यावर येतो, हेही थोडे नव्हे.

पुस्तकातला बाजार आणि खरा बाजार

ॲडम स्मिथने १७७६ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ज्या कामात गैरसोय, घाण किंवा अप्रतिष्ठा अधिक, त्या कामाला वेतनही अधिक मिळाले पाहिजे, नाहीतर ते करायला माणसे येणार नाहीत. युक्तिवाद निर्दोष आहे. अनुभव मात्र नेमका उलटा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्येच दाखवून दिले की, सर्वांत थकविणारी आणि किळसवाणी कामे ही बहुतेक सर्वांत कमी पैशांची असतात. कारण ती करणाऱ्यांना निवडीला वावच नसतो. पुढे १९३३ मध्ये जोन रॉबिन्सन या विदुषीने या विचाराला शास्त्रीय रूप दिले. श्रम विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारा एकच किंवा थोडे असले, तर वेतन ठरविण्याची सत्ता घेणाऱ्याच्या हाती जाते. वेतनाविषयी जे खरे, तेच वागणुकीविषयी. ज्या साहेबाला ठाऊक आहे की हाताखालच्या माणसाला दुसरी वाट नाही, त्याला सभ्यतेने वागण्यासाठी केवळ आपल्या संस्कारांवर अवलंबून राहावे लागते. आणि संस्कार ही नेहमी भरवशाची व्यवस्था नसते.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. नोकरदाराची खरी ताकद त्याच्या संतापात नसून त्याच्यापुढील पर्यायांत असते. पर्याय असलेला माणस कित्येकदा नोकरी न सोडताही सुखी होतो, कारण त्याच्याशी बोलताना समोरचा सांभाळून बोलतो.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक छोटेसे पण मूलगामी पुस्तक लिहिले. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात, असे तो सांगतो: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. या दोहोंमधील निवडीवर निष्ठेचा प्रभाव पडतो. हा विचार त्याला नायजेरियातील रेल्वेवरून सुचला. तेथील रेल्वे वाईट चालत होती. पण नाराज व्यापारी ओरड करण्याऐवजी आपला माल मालमोटारींनी पाठवू लागले. त्यामुळे रेल्वे सुधारण्याऐवजी आणखी निर्धास्त झाली. ज्यांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती, तेच सर्वांत आधी निघून गेले होते. आपल्याकडील कित्येक शाळांचे आणि कचेऱ्यांचे हेच झाले आहे. चांगले शिक्षक एकामागून एक जातात, उरतात ते लाचार किंवा लाभार्थी, आणि संस्थाचालक समाधानाने म्हणतात की आता आमच्याकडे कसली कुरकुर नाही.

बडोदे आणि सिडनहॅम

या निर्णयाचे महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात सापडते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेस गेले होते आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे त्यांच्यावर बंधन होते. १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यास रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई कागदपत्रे दुरून टाकीत. कचेरीत पिण्याचे पाणी मिळण्याची पंचाईत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. संध्याकाळचे कित्येक तास बागेत बसून काढल्यावर त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हातात दुसरी नोकरी नव्हती. पुढचे वर्ष शिकवण्या आणि किरकोळ व्यवसाय यांत ओढाताणीने गेले. तरीही बडोदे सोडण्याचा निर्णय चुकला असे कोणी म्हणणार नाही. ज्या गावात डोके टेकायला छप्परही नाही, तेथे सोसण्याला काही अर्थच उरत नाही.

याच चरित्राचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अपमान तेथेही होताच. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पण येथे त्यांनी राजीनामा फेकला नाही. साडेचारशे रुपयांच्या पगारातून काटकसरीने पैसा बाजूला टाकला, वर्गात उत्तम शिकविले आणि सुमारे सव्वा वर्षाने, १९२० मध्ये, स्वतः ठरविलेल्या वेळी जागा सोडली. साठविलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. त्यांना १९२३ मध्ये मिळाली.

विष दोन्ही ठिकाणी एकच होते. हिशेब मात्र वेगवेगळा होता. बडोद्याची नोकरी त्यांना कोठेही नेत नव्हती. सिडनहॅमची नोकरी लंडनच्या वाटेवरील एक मुक्काम होता. अपमानाचे वजन करताना केवळ त्याचे माप पाहून चालत नाही. ती नोकरी आपल्याला काय साधून देत आहे आणि किती दिवसांत, हे दुसऱ्या पारड्यात टाकावे लागते. अर्थात, प्रत्येक कारकुनाने आंबेडकर व्हावे असा याचा अर्थ नाही. पण सोसण्याला हेतू आणि मुदत असली की ते सोसणे लाचारी ठरत नाही, एवढे यातून कोणीही घ्यावे.

पुण्याच्या शिक्षणक्षेत्रातील एक जुनी घटनाही येथे आठवते. टिळक आणि आगरकर यांनी शाळा, वृत्तपत्रे आणि महाविद्यालय एकत्र उभे केले. मतभेद वाढले तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, आणि महाविद्यालयात मात्र अखेरपर्यंत राहिले. टिळकांनी १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला आणि 'केसरी' सांभाळला. दोघांनाही त्या ताटातुटीचे दुःख होते. पण रोज एकमेकांना अडविण्यात आयुष्य घालविण्यापेक्षा त्यांनी कामे वाटून घेतली, आणि महाराष्ट्राला त्यातून अधिकच मिळाले. सोडून जाणे म्हणजे नेहमी पळून जाणे नव्हे.

बोलण्याचे मार्ग

तथापि सोडण्याच्या आधी बोलण्याची पायरी आहे, आणि ती एकट्याने चढण्यापेक्षा चौघांनी चढलेली बरी. आज ज्या रविवारच्या सुट्टीत आपण विसावतो, ती मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून मिळाली. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेली चळवळ होती. एखाद्या कामगाराने साप्ताहिक सुट्टी नाही म्हणून गिरणी सोडली असती, तर त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता. सर्वांनी मिळून मागितल्यावर गिरणीमालकांना द्यावी लागली.

सामूहिक आवाजालाही किंमत असते, हेही विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. कोणत्या आवाजामागे किती दिवसांची शिदोरी आहे, हे आधी मोजावे लागते. पण केवळ चिकटून राहणे हेही सुरक्षित नसते. मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला, आणि वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या कामगारांना थकलेल्या देण्यांसाठी पुढे दशकाहून अधिक काळ झगडावे लागले. निष्ठेला पावती मिळतेच असे नाही.

कायद्याने काही आवाज दिले आहेत. ते पुष्कळांना ठाऊक नसतात. दहा अथवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असे २०१३ चा कायदा सांगतो. तक्रार साधारणतः तीन महिन्यांत करावयाची असते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून आला.

शिक्षकांसाठी १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्यातील सातवे कलम वाचण्यासारखे आहे. ज्याला राजीनामा द्यायचा असेल त्याने त्याच्या दोन प्रती कराव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी आपल्यापाशी ठेवावी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी विधिमंडळाने स्वतंत्र कलम का घातले असावे? कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा त्यावर राजीनामा उतरवायचा, हा प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कलम समजावून सांगावे लागत नाही. दडपणाखाली दिलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे. तो कधीही आणि कोणीही मागितला, तरी कोऱ्या कागदावर सही करू नये.

बोलण्याची एक शिस्त असते. काय घडले ते त्याच दिवशी, तारीख-वेळेसह, विशेषणे न वापरता लिहून ठेवावे. तोंडी हुकूम मिळाल्यास त्याचा लेखी उल्लेख करून पोच घ्यावी. रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र ठेवून मग पाठवावे. न्यायाधिकरणापुढे किंवा वरिष्ठांपुढे अश्रूंपेक्षा वही अधिक बोलते.

हिशेबाची वही

बोलून उपयोग झाला नाही, तर सोडण्याचा हिशेब सुरू होतो. येथे पहिला शत्रू म्हणजे 'इतकी वर्षे काढली' हे वाक्य. जी वर्षे गेली ती गेली. राहिलो काय किंवा गेलो काय, ती परत येणार नाहीत. निर्णय पुढच्या वर्षांविषयी असतो. परंतु पुढे मिळणारी एखादी ठोस रक्कम जवळ आली असेल, तर ती मात्र हिशेबात धरलीच पाहिजे.

ग्रॅच्युइटीचे उदाहरण घेऊ. १९७२ च्या कायद्याने कायम कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे; मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्यांना मात्र आता सेवेच्या प्रमाणात ती मिळते. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून, असे तिचे सूत्र आहे. समजा, एखाद्याचे हिशेबात येणारे वेतन २६ हजार रुपये आहे. पंधरा दिवसांचे १५ हजार, म्हणजे पाच वर्षांचे ७५ हजार रुपये झाले. पाच वर्षे पुरी व्हायला तीन महिने उरले असतील, तर राहिलेल्या प्रत्येक महिन्याला पगाराखेरीज २५ हजार रुपये मिळत आहेत असे समजावे. दात-ओठ खाऊन का होईना, थांबणे शहाणपणाचे. पण तीन वर्षे उरली असतील, तर तीच रक्कम महिन्याला जेमतेम २ हजार ८३ रुपये पडते. तेवढ्यासाठी तीन वर्षे झोप गमवावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रॉव्हिडंट फंडाची भीती तर बहुतेक निराधार असते. नोकरी बदलली तरी ते खाते नव्या ठिकाणी वळविता येते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे वेगवेगळ्या नोकऱ्यांची मिळूनही भरतात.

दुसरा हिशेब शिदोरीचा. एखाद्या कुटुंबाचा घरखर्च ३० हजार आणि कर्जाचा हप्ता १२ हजार, मिळून महिन्याला ४२ हजार रुपये, आणि शिल्लक ७ हजार आहे असे समजू. सहा महिने बेकारीत काढायचे तर २ लाख ५२ हजार हवेत; ते साठायला तीन वर्षे लागतील. हा आकडा पाहून माणूस हात टेकतो. परंतु दुसऱ्या नोकरीचे पत्र हाती घेऊन मगच पहिली सोडली, तर मध्ये एखादा महिना रिकामा जाईल, आणि एका महिन्याची शिदोरी सहा महिन्यांत जमते. तीन वर्षे आणि सहा महिने यांतील हे अंतर केवळ शोध आधी सुरू करण्याने कमी होते. म्हणून राजीनाम्याचा विचार मनात आला, की पहिले काम राजीनामा लिहिणे हे नसून अर्ज लिहिणे हे होय.

तिसरा हिशेब वेळेचा. मुंबईतील जागेपेक्षा अंबरनाथ-उल्हासनगरची जागा चार पैशांनी कमी असली, की घरचे लोक नाक मुरडतात. पण रोजचे दोन तास वाचले तर महिन्याचे पन्नास तास हाती येतात, पासाचा आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च घटतो, आणि मुले जागी असताना बाप किंवा आई घरी येते. हे सर्व पगाराच्या चिठ्ठीवर छापलेले नसते. म्हणून ते शून्य ठरत नाही.

वेळ झाली हे कसे ओळखावे?

हिशेबाच्या पलीकडे काही सीमारेषा असतात. प्रकृतीवर परिणाम दिसू लागला आणि डॉक्टरने कारण नोकरीत शोधले. खोट्या कागदावर सही करण्याचा आग्रह होऊ लागला. शरीराला किंवा अब्रूला धोका निर्माण झाला. तर तेथे शिदोरी पुरी होण्याची वाट पाहू नये. अशा वेळी नातेवाइकांकडे हात पसरणे, हप्त्याविषयी बँकेशी बोलणे, काही काळ मिळेल ते काम करणे, हे सर्व त्या नोकरीपेक्षा बरे. याउलट, त्रास एकाच माणसापासून असेल आणि तो माणूस वर्षभरात निवृत्त होणार असेल किंवा खाते बदलून मिळण्याजोगे असेल, तर घाई करू नये. आपल्यातही काही दुरुस्त करण्यासारखे आहे काय, हे एकदा प्रामाणिकपणे तपासावे. तीन नोकऱ्यांत तीच तक्रार झाली असेल, तर चौथ्या ठिकाणी आगीतून फुफाट्यात पडण्याचा संभव अधिक.

आपल्या म्हणींनीही या बाबतीत माणसाला दोन्हीकडून ओढले आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे एकीकडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे दुसरीकडे. 'कोठेही जा, पळसाला पाने तीनच' असे म्हणून वडीलधारी माणसे तरुणाला बसवून ठेवतात. त्यांच्या काळात एका नोकरीत आयुष्य काढणे शक्य होते आणि शेवटी पेन्शन होती. आज कंत्राटी नेमणुकीवरील मुलाला त्याच निष्ठेचा उपदेश करणे म्हणजे एकतर्फी करार पाळायला सांगणे होय.

जाणाऱ्याने शेवटचे काही दिवस नीट पार पाडावे. नोटिशीची मुदत पाळावी, कामाचे कागद सुपूर्द करून पोच घ्यावी, अनुभवाचा दाखला आणि वेतनाचा हिशेब मागून घ्यावा. २०१९ च्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असते. हेही नव्याने लागू झालेले कलम पुष्कळ मालकांना आठवण करून द्यावे लागेल.

या सर्व हिशेबानंतरही एक गोष्ट उरते. १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा लोकसभेने त्यांचे निवेदन ऐकले आणि महाराष्ट्राने ते मनात जपले. मोठ्यांचा राजीनामा बोलतो. कारकुनाचा राजीनामा नस्तीत जातो. 'वैयक्तिक कारणास्तव' या दोन शब्दांखाली आपल्या कचेऱ्यांतील आणि शाळांतील किती जाच पुरला गेला असेल, याची गणती नाही. जाणाऱ्याला नव्या ठिकाणी दाखला हवा असतो, म्हणून तो खरे कारण लिहीत नाही. आणि राहणाऱ्यांना ते कधी कळत नाही. ज्या संस्थेतून वर्षाला चार माणसे वैयक्तिक कारणास्तव जातात, तिच्या विश्वस्तांनी आणि संचालकांनी त्या कारणांची एकदा तरी खासगीत चौकशी करावी. शिक्षण खात्यानेही शाळा तपासताना हजेरीपटाबरोबर गेल्या पाच वर्षांतील राजीनामे मागवून पाहावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

तोपर्यंत फलाटावरच्या त्या प्रश्नाला ज्याचे त्याने उत्तर शोधावयाचे आहे. सोडून जायचे कोठे, हे एका संध्याकाळी ठरत नाही. पण ज्याने या महिन्यात एक अर्ज पाठविला, शिदोरीत पहिले हजार रुपये टाकले आणि वहीत पहिली तारीख लिहिली, तो कचेरीत अजून त्याच खुर्चीवर बसला असला, तरी पूर्वीइतका अडकलेला नसतो.